‘खाणीतून आलेला’ पुढारी : खाणमालक, खाणकामगार की आणखी कोण?

विचारणा

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी जगातल्या पुढाऱ्यांच्या छोट्या ओळखी लिहिण्याचं काम सध्या हाती आहे. प्रत्येकाला आठ-दहा ओळी. त्यातले काहीजण राजकारणात येण्याआधी खाणींशी संबंधित होते. त्या सगळ्यांना मी सरसकट ‘खाण उद्योगातील कारकिर्दीनंतर राजकारणात प्रवेश’ असं लिहिलं. काल सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचल्या आणि ती ओळ बोचायला लागली. एका पानावर हर्बर्ट हूवर, १९२९ ते १९३३ अमेरिकेचे अध्यक्ष, पेशाने खाण अभियंता. पुढच्या पानावर किअर हार्डी, दहाव्या वर्षी स्कॉटलंडच्या कोळसा खाणीत उतरलेला मुलगा, १८९२ साली ब्रिटनच्या संसदेत पोचला. त्याच्यापुढे आपले भाऊसाहेब बांदोडकर. तिघांना एकच वाक्य!

‘खाणकरी’ असा शब्द वापरला तर चालेल का? कानाला बरा वाटतो. की प्रत्येकाला वेगळा शब्द हवा?

डिचोलीहून

ताई, भाऊसाहेबांसाठी शब्द शोधत बसू नका. गोव्यातलं शेंबडं पोर सांगेल, खाणमालक. डिसेंबर १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या मगो पक्षाला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) मतं देणारी बरीचशी माणसं कुळं होती, कष्टकरी होती, आणि त्यांचा पुढारी खाणमालक होता. लोकांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण हा मालक आपल्यातला आहे, असं त्यांना वाटत होतं. ‘खाण उद्योगातील कारकीर्द’ म्हटलं की हा सगळा ताण निघून जातो. खाणमालक आणि बहुजनांचा भाऊ हे दोन शब्द शेजारी ठेवले तरच मुलांना तो माणूस कळेल.

पण एक बारकावा. ‘मालक’ हा आमच्याकडचा साधा शब्द नाही. पोर्तुगीज राजवटीत खाणींचे परवाने कायमस्वरूपी दिलेले होते, त्यामुळे परवानाधारकाला मालक म्हणायची सवय लागली. १९८७ साली केंद्राने कायदा करून त्या परवान्यांचं रूपांतर लीजमध्ये केलं. म्हणजे कागदावर तेव्हापासून ते लीजधारक, तरी गावात, वर्तमानपत्रात, विधानसभेतल्या भाषणात आजही ‘खाणमालक’च. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या काळात इथल्या मराठी वर्तमानपत्रांनी एक शब्द रुजवला, ‘खाण अवलंबित’. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाच्या गाड्यावाले, खाणीत एकदाही पाय न ठेवता खाणीवर जगणारे. माझे वडील त्यातलेच, दोन ट्रक होते. उद्या माझ्यासारखा कुणी निवडून आला तर तोही ‘खाणीतून आलेला’ म्हणायचा का? मी म्हणेन, नाही. त्याला ट्रकवाल्याचा मुलगा म्हणा.

बल्लारपूरहून

‘खाणकरी’बद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. घडण बिनचूक आहे: शेतकरी, गावकरी, वारकरी, तसा खाणकरी. अडचण ‘शेतकरी’ या शब्दातच दिसते. शंभर एकरांचा बागायतदारही शेतकरी आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणाराही शेतकरी, म्हणून तर आपल्याला ‘शेतमजूर’ हा वेगळा शब्द लागला. ‘खाणकरी’ आणला की तोच घोळ खाणीत होईल. मालकही खाणकरी, कोळसा भरणारा लोडरही खाणकरी. नको.

दुसरं, आमच्या भागात बोलताना ‘खाण’ फारसं कुणी म्हणत नाही. ‘खदान’. हिंदीतून आलेला असेल, पण इथे तो घरचा आहे. दगडाचीही खदान आणि कोळशाचीही खदान. ‘खाण’ वर्तमानपत्रात आणि ‘खनिकर्म’ सरकारी पाटीवर. आणि ‘खाणमालक’? तो तर कोळशापुरता बोलण्यातून गेलाच. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, मालक गेले, त्यांच्या जागी ‘साहेब’ आले आणि पुढे ‘वेकोलि’, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड. माझ्या पिढीने खदानीचा मालक पाहिलेलाच नाही.

बाबा भूमिगत खदानीत होते. पहिली पाळी असली की पहाटे आई डबा भरायची. लॅम्परूममध्ये टोकन दिलं की टोपीचा दिवा मिळायचा, दिव्याची जड बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर लॅम्परूमच्या दारापर्यंत गेलो होतो. फळीवर टोकनांच्या रांगा होत्या. एक टोकन म्हणजे खाली गेलेला एक माणूस. पाळी सुटल्यावर दिवा परत आला नाही तर माणूस अजून खाली आहे, हे त्या फळीवरून कळायचं. बाबा कधीही ‘कामाला गेलो’ म्हणायचे नाहीत, ‘उतरलो’ म्हणायचे. “किती वर्षं उतरलात?” असंच तिथे एकमेकांना विचारतात.

म्हणून ताई, हार्डीसाठी मी ‘खाणकामगार’ सुचवतो आणि क्रियापद ‘उतरला’. ‘दहाव्या वर्षी खाणीत उतरला.’ त्याला ‘कारकीर्द’ लावू नका. कारकीर्द राजाची असते, मुख्यमंत्र्याची असते, फार तर नामवंत गवयाची. दहा वर्षांच्या पोराची कारकीर्द नसते.

पुण्याहून

‘कारकीर्द’वरचं म्हणणं शंभर टक्के पटलं. त्याच जातीचं दुसरं वाक्य म्हणजे ‘खाणीची पार्श्वभूमी असलेले नेते’. तेही टाळा. पार्श्वभूमी मागे टांगलेल्या पडद्यासारखी असते, खाण या माणसांच्या फुप्फुसात होती.

आता जोडशब्दांकडे बघा. ‘खाणकामगार नेता’ या शब्दाची फोड दोन प्रकारे होते. खाणकामगारांचा नेता, हा षष्ठी तत्पुरुष. खाणकामगार असलेला नेता, हा कर्मधारय. लिहिणाऱ्याच्या मनात एक असतं, वाचणारा दुसरं घेतो. अन्यूरिन बेव्हनच्या बाबतीत दोन्ही फोडी खऱ्या. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळसा खाणीत, मग युनियनमध्ये, १९२९ साली संसदेत, आणि आरोग्यमंत्री म्हणून ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू करणारा. त्याच्या गावात कामगार दर आठवड्याच्या पगारातून थोडी वर्गणी काढून डॉक्टर आणि दवाखाना चालवत. तो नमुना त्याने देशभर नेला. म्हणजे इथे ‘खाणकामगार’ हा शब्द पूर्वायुष्य तर सांगतोच, पण त्याने मंत्री म्हणून काय केलं याचं कारणही त्याच शब्दात आहे.

सिरिल रामाफोसांच्या बाबतीत मात्र एकच फोड खरी. ते शिक्षणाने वकील. १९८२ साली दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले सरचिटणीस. १९८७ चा प्रचंड संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. खाणकामगारांचे नेते, हे निर्विवाद. खाणकामगार असलेले नेते, हे नव्हे. शिवाय पुढे ते उद्योगात शिरले आणि लॉनमिन या प्लॅटिनम काढणाऱ्या कंपनीचे भागधारक आणि संचालक झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच कंपनीच्या मारिकाना खाणीवर संप चालू होता. १६ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला, ३४ खाणकामगार ठार झाले. २०१८ साली रामाफोसा राष्ट्राध्यक्ष झाले. आता ‘खाण क्षेत्रातून आलेले’ असं लिहिलं तर कोणते रामाफोसा? संपाच्या सभेतले की संचालकांच्या टेबलावरचे? त्यांच्या नोंदीत दोन्ही शब्द तारखांसकट लिहावेच लागतील.

डिचोलीहून

कुणी ‘खाणसम्राट’ सुचवण्याआधीच सांगून ठेवतो. तो ‘साखरसम्राट’, ‘शिक्षणसम्राट’ यांचा धाकटा भाऊ. बल्लारीच्या लोहखनिजावर मोठे झालेल्या पुढाऱ्यांसाठी वर्तमानपत्रांनी तो वापरला. त्यात आरोप अंतर्भूत आहे. बातमीत ठीक, मुलांच्या पुस्तकात नको. आणि भाऊसाहेबांना तर मुळीच नको.

सांगलीहून

मी भाषेची शिक्षिका. चर्चा वाचून ‘खाण तशी माती’ आठवली. आपण ती आईबापांवरून पोराची परीक्षा करायला वापरतो, आणि बहुतेक वेळा टोमणा म्हणून. खरं तर मराठीत खाणीला मान आहे. गुणांची खाण, नररत्नांची खाण. संस्कृतातला ‘आकर’ म्हणजेही खाण, म्हणून समुद्र रत्नाकर. त्याच ‘आकर’चं मराठीत ‘आगर’ झालं, मिठागर त्यातूनच. हे सगळे शब्द खाणीतून काय निघतं ते सांगतात. खाणीत कोण जातं, हे सांगणारा जुना, घरगुती शब्द मात्र मला आठवत नाही. कुंभार, लोहार, तांबट, वडार आहेत. खोल खाणीत उतरणाऱ्याला मात्र आपण ‘कामगार’ जोडून नाव दिलं.

शब्द नसण्याची ही अडचण जुनी आहे. हूवरच्या नोंदीत हे घाला, मुलांना आवडेल. १५५६ साली जर्मनीतल्या अॅग्रिकोलाचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. खाणीतल्या कितीतरी वस्तूंना आणि कामांना लॅटिनमध्ये नावंच नव्हती, म्हणून त्याने ती स्वतः घडवली. साडेतीनशे वर्षांनी वाचणाऱ्यांना त्या घडवलेल्या शब्दांमागची वस्तू कोणती, तेच कळेना. हर्बर्ट हूवर आणि त्यांच्या पत्नी लू, दोघं मिळून तो गुंता सोडवत बसले आणि १९१२ साली त्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. लूबाईंनी भूगर्भशास्त्र शिकलेलं, लॅटिन चांगलं. हूवर स्वतः पदवीनंतर काही काळ कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणीत ढकलगाड्या ओढत होते, पण त्यांना खाणकामगार म्हणू नका. ती काही महिन्यांची गोष्ट, पुढचा सगळा काळ अभियंता आणि व्यवस्थापक म्हणून ऑस्ट्रेलियात, चीनमध्ये गेला.

बल्लारपूरहून

यावरून सोव्हिएत संघाचे पुढारी ख्रुश्चेव्ह आठवले. त्यांनाही पुष्कळ ठिकाणी खाणकामगार लिहिलेलं असतं. ते आजच्या दोनेत्स्कमध्ये, तेव्हाच्या युझोव्हकात, खाणींची यंत्रं दुरुस्त करायचे. खाणीत काम केलं, पण कोळसा खणला नाही. आमच्याकडे त्याला नेमका शब्द आहे, फिटर. लोडर, फिटर, देखरेख करणारे ओव्हरमन आणि सरदार, या सगळ्यांना बाहेरचे ‘कामगार’ म्हणतात. आत कुणी कुणाला तसं म्हणत नाही. बाबांना कुणी फिटर म्हटलं असतं तर त्यांनी लगेच दुरुस्ती केली असती.

विचारणा करणारीकडून

सर्वांचे मनापासून आभार. ती सरसकट ओळ काढून टाकली. नोंदी आता अशा सुरू होतात. बांदोडकर: ‘खाणमालक, आणि तरीही कुळांचे भाऊ.’ हूवर: ‘खाण अभियंता.’ बेव्हन: ‘तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला, खाणकामगारांचा नेता.’ ख्रुश्चेव्ह: ‘खाणीतला फिटर.’ रामाफोसांना चार ओळी वाढवून मागितल्या आहेत.

एक शब्द अजून अडला आहे. हार्डीचं खाणीतलं पहिलं काम खणण्याचं नव्हतं. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यांना लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, आणि मधला सगळा वेळ अंधारात बसून राहायचं. दहा-दहा तास. या मुलांना मराठीत काय म्हणू? ‘द्वारपाल’ राजवाड्यातला वाटतो, ‘दारवान’ बंगल्याचा.

बल्लारपूरहून

हॉटेलात टेबल पुसणाऱ्या मुलाला आपण काय म्हणतो? पोऱ्या. ‘दारावरचा पोऱ्या’ लिहा.

विचारणा करणारीकडून

लिहिलं. ‘दहाव्या वर्षी खाणीत उतरला, दारावरचा पोऱ्या म्हणून.’