अरब देशांत तरुण वयात पक्षाघात: दोष श्रीमंतीचा का?

मस्कतकर (मूळ पोस्ट): पश्चिम युरोपात पक्षाघाताचा रुग्ण साधारण सत्तरीचा असतो. कतारच्या नोंदींत सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. माझ्या मते कारण उघड आहे: तेलाचा पैसा आला, चालणं गेलं, गोड पेयं आली, मागोमाग बीपी आणि शुगर. सौदीने 2017 मध्ये एनर्जी ड्रिंकवर 100 आणि कोल्ड्रिंकवर 50 टक्के कर लावला. अशीच सक्ती सगळीकडे हवी.

आकडेमोड: साफ असहमत. कतारमध्ये दहातले जवळपास नऊ जण परदेशी, त्यातही कामाच्या वयाचे पुरुष. नोकरी संपली की व्हिसा संपतो, माणूस केरळला नाहीतर रत्नागिरीला परततो. म्हातारेच कमी, तर रुग्ण तरुणच दिसणार! शिवाय त्या नोंदींत भारत-बांगलादेशचे रुग्ण भरपूर, त्यांना अरबांच्या खात्यात कसं टाकता?

आणि इजिप्त, सुदान, येमेन कुठे श्रीमंत आहेत? दहा कोटींहून जास्त लोकांच्या इजिप्तमध्ये खरा शत्रू आहे न सापडलेला बीपी. 2018 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या आरोग्य मोहिमेत हिपॅटायटिस सी सोबत लोकांचं बीपी, शुगरही तपासलं. कोल्ड्रिंकच्या करापेक्षा मला हे काम मोलाचं वाटतं.

मस्कतकर: वय बाजूला ठेवा, मधुमेहाचं काय? कुवेत त्यात जगात वरच्या रांगेत आहे. तपासणीत बीपी सापडेल, उतरणार नाही. कुवेतने 2013 मध्ये रोजच्या ब्रेडमधलं मीठ सुमारे 20 टक्क्यांनी कमी केलं, त्यासाठी कुणाला दवाखान्यात जावं लागलं नाही.

सिस्टर_दोहा: तुम्ही दोघेही झटका येण्याआधीचंच बोलताय. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, म्हणून आमचा पहिला प्रश्न: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? लेबर कॅम्पमधला रूममेट सांगतो, "रात्री जेवला तेव्हा ठीक होता." पहाटे उठला तो पाय ओढत. बाकीच्यांना वाटलं थकवा असेल, बसमध्ये चढवलं. आमच्याकडे येईतो दुपार. सीटी स्कॅन लगेच होतो, पण इंजेक्शनची वेळ टळलेली असते. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळणं ही लक्षणं कॅम्प सुपरवायझरला आणि कामगारांना हिंदी, बंगाली, नेपाळीत शिकवणं कंपन्यांना बंधनकारक करा.

आकडेमोड: सिस्टर, ती अट मान्य. पण ती दोह्यात चालेल. एप्रिल 2023 पासून सुदानच्या राजधानीतली, खार्टूममधली कितीतरी रुग्णालयं युद्धाने बंद पडली, तिथे साडेचार तास कुठून मोजायचे? तिथे हाती उरते ती बीपीची रोजची गोळी, आणि ती स्वस्त आहे. मदतीच्या औषधांत ती पहिल्या खोक्यात हवी.

सिस्टर_दोहा: मग तीच गोळी कॅम्पमध्येही फुकट द्या. गावाहून आणलेला साठा संपला की पुढच्या सुट्टीपर्यंत औषध बंद, असे रुग्ण आमच्याकडे सतत येतात.