मामीचा फोन आणि टोलनाक्याची बातमी: याला ‘गोळी लागली’ म्हणायचं का?

खानापूरची विद्यार्थिनी
मी एमए पत्रकारितेला आहे. ‘माध्यमांचे परिणाम’ या पेपरात आपल्या भागातलं उदाहरण द्यायचंय. वर्गात शिकवलं की माध्यमं गोळीसारखी थेट लागतात हा जुना सिद्धांत आता कुणी मानत नाही. पण ६ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटलेला असताना आमच्या बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली, ती दृश्यं टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली. कोल्हापूरच्या मामीचा आईला फोन आला, “घराबाहेर पडू नका, पोरीला कॉलेजला धाडू नका.” मामी रडवेली झाली होती. आई तेव्हा खानापुरात भाजी घेत होती! मामीला गोळी लागलीच ना? उत्तरात काय लिहू?

शहापूरचा प्राध्यापक
गोळी असती तर तुझ्या आईलाही लागली असती. बातमी तीच, पण एकीनं घाबरून फोन केला आणि दुसरीनं भाजी निवडली.

३० ऑक्टोबर १९३८ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळावरच्या लोकांचा हल्ला बातम्यांच्या थाटात ऐकवला. सगळा देश घाबरला असं आजही सांगतात. कँट्रिल यांच्या १९४०च्या अभ्यासात मात्र अंदाज असा होता की सुमारे ६० लाखांनी ऐकलं आणि त्यातले १२ लाख घाबरले. नंतरच्या अभ्यासकांना तोही आकडा फुगवलेला वाटतो. म्हणजे बहुसंख्य श्रोते शांतच होते.

मामीसाठी मी बॉल-रोकीच आणि डीफ्लर यांचा १९७६चा ‘माध्यम-अवलंबित्व’ सिद्धांत घेईन. ज्या गोष्टीचा आपल्याला स्वतःचा अनुभव नाही आणि जिथे अनिश्चितता आहे, तिथे माणूस माध्यमावर जास्त विसंबतो. खानापूर ते हिरेबागेवाडी अंतर किती, दिशा कुठली, हे मामीला कुठून ठाऊक असणार? आईला ते ठाऊक होतं. गर्बनर यांचा सिद्धांत इथे लावू नकोस. तो वर्षानुवर्षं टीव्ही बघण्याच्या परिणामाबद्दल आहे, एका दिवसाच्या भीतीबद्दल नाही.

पहाटेचा गठ्ठा
सरांनी नावं सांगितली, मी बघितलेलं सांगतो. बेळगावात माझी पेपरची लाइन आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही. पहाटे गठ्ठे फोडून पुरवण्या घालताना दोन्ही भाषांची पहिली पानं शेजारी शेजारी येतात. त्या आठवड्यात दोन्हीकडे सीमाप्रश्न होता. वाक्यं वेगळी होती, कुणाची चूक तेही वेगळं होतं, पण विषय एकच. उसाचा हंगाम चालू होता, दराचा वाद पेटलेला, तरी गिऱ्हाईक दराचं विचारायचं सोडून “आज काय आलंय सीमेचं?” एवढंच विचारायचं. माझ्या लाइनवरचा मराठी माणूस कन्नड पेपर वाचून मत बदलत नाही, कन्नड माणूसही मराठी वाचून बदलत नाही. पण दोघं बोलणार कशावर, हे त्या पानानं ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. ते माझ्याकडून दोन्ही भाषांचे पेपर घेतात. कट्ट्यावर सगळे त्यांनाच विचारतात, “मास्तर, कन्नडात काय छापलंय?” ते सांगतील तेवढंच पुढे घरोघरी जातंय. मास्तर “शांत राहा” म्हणाले की गल्ली शांत असते. टीव्ही सगळ्यांच्या घरात आहे, तरी मास्तरांचं ऐकतात, कारण त्यांना दोन्ही बाजूंचं वाचता येतंय. मला वाटतं, सीमाभागात बातमी अशाच माणसांच्या हातून जाते, आणि अशी माणसं कमी होत चालली आहेत याची मला मनापासून काळजी वाटते. पोरं मोबाइलवर एकाच भाषेतले व्हिडिओ बघतात. तारीख नसलेला जुना व्हिडिओसुद्धा आजचा म्हणून फिरतोय, आणि “हा कधीचा रे?” असं विचारणारं कट्ट्यावर कुणी नसतंय.

त्याच दिवसांत दुकानात मराठी पेपर घेणारं एक गिऱ्हाईक म्हणालं, “आठवडाभर घरी टाका, दुकानात नको.” मराठी गल्लीतल्या एका कन्नड घरानंही पेपर दारात न टाकता आत द्यायला सांगितलं. कुणी त्यांना धमकावलं नव्हतं.

खानापूरची विद्यार्थिनी
काका, मास्तर म्हणजे आमच्या पुस्तकातले ‘मतनेते’च की!

शहापूरचा प्राध्यापक
अगदी बरोबर. लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओहायोतल्या ईरी काउंटीत १९४०ची निवडणूक अभ्यासली आणि १९४४ साली मांडलं की मतं बरीचशी ओळखीच्या माणसांच्या बोलण्यातून घडतात. तिथले मतनेते शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाचणारे, जास्त ऐकणारे होते. आपले मास्तर त्याशिवाय दोन भाषांमधले आहेत, आणि हे तुला पुस्तकात मिळणार नाही. तोच तुझ्या उत्तराचा गाभा कर.

पेपर घरी मागवणाऱ्यांसाठी नोएल-नॉयमान यांचं १९७४चं ‘मौनाचं आवर्त’ वाच. आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस एकटं पडण्याच्या भीतीनं मत झाकतो. इथे तर दोन्ही भाषांच्या माणसांना तसं वाटलं, कारण प्रत्येक गल्लीत बहुमत वेगळं.

लोकांच्या बोलण्याचा विषय पेपर ठरवतो ही काकांनी सांगितलेली गोष्ट मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या चॅपल हिलमध्ये, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारून तपासली, १९७२ साली छापली. तूही तपासू शकतेस. वाचनालयात १ ते १५ डिसेंबर २०२२च्या एका मराठी आणि एका कन्नड दैनिकाच्या फायली माग. सीमाप्रश्न आणि ऊसदर रोज कुठल्या पानावर, किती कॉलम, एवढं वहीत उतरव. कन्नड अडलं तर काकांच्या मास्तरांना विचार.

पहाटेचा गठ्ठा
मास्तरांना आजच सांगून ठेवतो. सकाळी नऊनंतर ये, तोवर त्यांचं वाचून झालेलं असतंय.