मेजर कॉर्डवर ९, ११, १३ चढवताना ११ ला गाडी अडते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कीबोर्ड माझा मीच शिकतोय. साध्या कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) आणि त्यांची इन्व्हर्जन्स (तेच सूर खाली-वर फिरवून) आता बोटांत बसली आहेत, म्हणून पुढच्या मेजर कॉर्ड्सना हात घातला आणि अडकलो.

कागदावरचा हिशेब कळतो. स्केलमधला एक सूर घ्यायचा, एक सोडायचा. सी, ई, जी झाली मेजर. बी जोडला की मेजर सेव्हन. तसंच वर गेलं की डी, एफ, ए. डी खरं तर दुसरा सूर, पण वरच्या सप्तकातला म्हणून ७ + २ = ९. तसाच एफ ११ आणि ए १३. त्यापुढे परत सी येतो, म्हणून १५ कुठे दिसत नाही.

आता वाजवताना: डावीकडे सी-ई-जी-बी, उजवीकडे डी-एफ-ए. डीपर्यंत गोड. एफ दाबला की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. एफ सोडला की लगेच साफ. पण सी मायनर इलेव्हनमध्ये हाच एफ सुरेख लागतो! मग माझं नक्की कुठे चुकतंय?

दुसरं, एका गाण्यावर 'सी नाईन' लिहिलं होतं. मी बी आणि डी घेऊन वाजवलं, ते अजिबात जुळलं नाही.

प्रतिसाद १

दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. नुसतं 'सी नाईन' म्हणजे बी फ्लॅट, बी च्या लगेच डावीकडची काळी पट्टी. आकड्याआधीचा 'मेजर' हा शब्द तिसऱ्या सुराबद्दल नसतो, सातव्याबद्दल असतो. 'सी मेजर नाईन' लिहिलं असेल तरच शुद्ध बी. आणि 'सी ॲड नाईन' असेल तर सातवा घ्यायचाच नाही: सी, ई, जी, डी, बस्स. नावं ठेवणाऱ्यांनी जरा दया दाखवायला हवी होती, पण आता हेच रूढ आहे.

प्रतिसाद २

तुमचं काही चुकत नाही, कान तयार आहेत. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजा, फक्त सुरुवातीची सोडून. सी पासून वरचा डी १४ पट्ट्या. जी पासून वरचा ए १४. ई पासून वरचा एफ मात्र १३. खडा तो हाच. मायनरमध्ये तिसरा सूर ई फ्लॅट असतो, तिथून एफ पुन्हा १४, म्हणून तिथे बोचत नाही.

उपाय दोन. एक तर ११ गाळा. मेजर थर्टीनमध्ये तो गाळलेलाच असतो बहुतेकदा. नाहीतर एफ शार्प (एफ च्या लगेच उजवीकडची काळी पट्टी) घ्या, म्हणजे ई पासूनही १४. मग वरचे डी, एफ शार्प, ए म्हणजे अख्खी डी मेजर, खालच्या सी मेजरच्या डोक्यावर. सी ला सा धरलात तर यमनचे सगळे सूर हाताखाली आले! शुद्ध म ऐवजी तीव्र म, एवढाच काय तो फरक.

आणि सातही सूर दाबायचा अट्टहास सोडा. जी गेला तरी चालतो, कॉर्डची ओळख तिसऱ्या आणि सातव्यात असते. डावीकडे सी आणि बी, उजवीकडे त्याच्या वर ई, ए, डी. करून बघा. फक्त फार खाली जाऊ नका, तिथे जवळजवळचे सूर गढूळ वाजतात.

धागाकर्ता

केलं! ई-ए-डी वाला प्रकार पाच सुरांतच भरलेला वाटतो, सात बोटं उगाच झिजवत होतो. एफ शार्पवाला मात्र तरंगतो, शेवटाला ठेवला तर गाणं संपल्यासारखं वाटत नाही.

एक अजून. चाल सी वर थांबते तेव्हा खाली मेजर सेव्हन धरली तर पुन्हा तसंच बोचतं. तिथे तर एफ नाहीच.

प्रतिसाद २

मोजा की! खालच्या सप्तकातला बी आणि चालीतला वरचा सी यांत किती पट्ट्या?

धागाकर्ता

१३. अरेच्चा.

प्रतिसाद २

तिथे बी काढून ए घ्या, म्हणजे सी सिक्स. हवा तर सोबत डी पण.