'कोल्हापुरी चप्पल' या शब्दावर जाहिरातीचे पैसे लावू नका

पायताण

थेट मुद्द्यावर येतो. ऑनलाइन बाजारात खऱ्या चामड्याची कोल्हापुरी विकणाऱ्या छोट्या माणसानं 'कोल्हापुरी चप्पल' या कीवर्डवर, म्हणजे गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं त्या शब्दावर, जाहिरातीसाठी बोली लावणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडं कोल्हापुरात चप्पल लाईनीतली (चपलांच्या दुकानांच्या गल्लीतली) बरीच पोरं आता साइटवर विकतात आणि जो तो एजन्सीवाल्याच्या सांगण्यावरून याच शब्दामागं धावतोय.

हा शब्द टाइप करणारा प्रत्येक जण चामड्याची चप्पल शोधत नसतो. कुणाला कुर्त्याखाली घालायला तीनशेतलं रेक्झिनचं चालतं, कुणाला पोराच्या गॅदरिंगपुरतं हवं असतं, कुणी नुसतं बघत असतं. त्या पानावर आमची 1400 ची जोडी 349 च्या शेजारी दिसते आणि अंगठ्याएवढ्या फोटोत दोन्ही सारख्याच वाटतात. गिऱ्हाईक आमच्यावर क्लिक करतं, फोटो मोठा करून बघतं, वेणीचं कौतुक करतं आणि 349 वाली घेऊन जातं. क्लिकचे पैसे मात्र आमच्या खिशातून.

हिशेब मांडतो. 1400 मधून चामडं, मजुरी, पॅकिंग, कमिशन, कुरिअर, जीएसटी वजा जाता समजा 350 उरतात. क्लिकला 8 रुपये धरा. 40 क्लिकमागं एक जोडी गेली तर जाहिरातीत 320 गेले, हातात 30. 50 क्लिक लागले तर पदरचे 50 घालून चप्पल विकली. त्यात मापाच्या भानगडीत जोडी परत आली, तर क्लिकचे पैसे काही माघारी येत नाहीत.

त्यापेक्षा 'हँडमेड लेदर कोल्हापुरी मेन', 'कोल्हापुरी साइज 11', 'कापशी चप्पल' (कोल्हापुरीचाच एक प्रकार) असे लांब किंवा नेमके शब्द धरा, एक्झॅक्ट मॅच लावा, म्हणजे तोच शब्द शोधला तर जाहिरात दिसेल. शोधणारे थोडे असतात, पण काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं.

हिशेबनीस

हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

मी पुण्यात विक्रेत्यांच्या जाहिराती सांभाळतो. एजन्सीवाला म्हणून आधीच शिव्या घालायच्या असतील तर घाला. पण 'कापशी चप्पल' असं शोधणारी माणसं आहेत किती? एक्झॅक्ट मॅचवर तो शब्द लावून बसलात तर महिनाभर डॅशबोर्डवर शून्य बघत बसाल. कापशी, कुरुंदवाडी ही नावं बनवणाऱ्यांच्या तोंडी आहेत. नागपूरच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला ती माहीतच नाहीत. कीवर्ड रिसर्च म्हणजे आपल्याला आवडतात ते शब्द नव्हेत, गिऱ्हाईक वापरतं ते शब्द.

ते कळायचा स्वस्त मार्ग म्हणजे थोड्या पैशांची ऑटो मोहीम, म्हणजे जाहिरात कुठल्या शब्दावर दाखवायची ते साइटच ठरवते. ॲमेझॉनवर ऑटोमध्ये चार गट असतात: क्लोज मॅच (आपल्या मालाच्या जवळचे शोध), लूज मॅच (दूरचे शोध), सब्स्टिट्यूट्स (तसाच माल बघणारे) आणि कॉम्प्लिमेंट्स (जोडीचा माल बघणारे). चारींची बोली वेगळी ठेवता येते. लूज मॅच अगदी कमी ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी सर्च टर्म रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्याची यादी, उतरवा. ज्या शब्दानं विक्री दिली तो मॅन्युअल मोहिमेत (जिथं शब्द आपण निवडतो) न्या, ज्यानं नुसते क्लिक खाल्ले तो निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्या शब्दावर जाहिरात दिसणार नाही. 'रबर', 'किड्स', 'अंडर 300', 'फॅन्सी' हे तर पहिल्याच दिवशी निगेटिव्ह फ्रेजमध्ये हवेत. माझ्या एका विक्रेत्याच्या रिपोर्टात 'कोल्हापुरी साज' आणि 'कोल्हापुरी मसाला' यांवर चपलेचे क्लिक निघाले होते. मसाला शोधताना चपलेवर कोण क्लिक करतं देव जाणे, पण करतात.

राहिला 'कोल्हापुरी चप्पल' हा मोठा शब्द. सोडायचा कशाला? बोली कमी करा. तुमचेच 350 घ्या. त्या शब्दावर 80 क्लिकमागं एक जोडी जाते असं धरलं, तर 350 भागिले 80 म्हणजे 4 रुपये 37 पैसे. एवढ्यात ना नफा ना तोटा. नफा हवा तर 3 रुपये लावा. 8 कुणी लावायला सांगितले?

तिरकस

दोघंही गृहीत धरून चाललाय की जाहिरात करायलाच पाहिजे.

2024 मध्ये ॲमेझॉनचं जगभरातलं जाहिरातीचं उत्पन्न 56 अब्ज डॉलरच्या वर होतं. त्याच्या मोठ्या भागाचा पैसा तुमच्याआमच्यासारख्या विक्रेत्यांच्याच खिशातून जातो. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 17 राज्यांना बरोबर घेऊन कंपनीवर खटला भरला, त्यात एक आरोपच असा आहे की शोधाच्या निकालांत असंबद्ध जाहिराती भरून ग्राहकाचा अनुभव बिघडवला आणि विक्रेत्याला जाहिरात घेण्यावाचून पर्याय ठेवला नाही. कंपनीला आरोप मान्य नाहीत, खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण अनुभव कुणाला नाही? कुठं कमिशन शून्य म्हटलं की टाळ्या पिटायच्या आणि तेच पैसे क्लिकमधून द्यायचे. हे सरळसरळ दुकानाचं भाडं आहे, फक्त दर शोधाला लिलाव होतो.

दुकानदारानं साइटवर माल ठेवावा, खोक्यात आपलं कार्ड टाकावं आणि दुसरी जोडी व्हॉट्सॲपवर विकावी.

हिशेबनीस

खोक्यात कार्ड टाकून गिऱ्हाईक बाहेर ओढणं बहुतेक साइटच्या नियमांत बसत नाही. खातं बंद पडलं तर कार्डावरचा नंबर वाजायचाही बंद होईल. बाकी भाडं म्हणालात ते कबूल. पण चप्पल लाईनीत गाळा घेतला तरी भाडं आहेच की.

रंकाळ्याचा_वारा

मूळ धाग्याचा मला रागच आला, सरळ सांगतो.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे. म्हणजे कायद्यानं हे नाव आपलं. आणि तुम्ही म्हणता, भावांनो, त्या नावावर बोली लावू नका, ते रेक्झिनवाल्याला सोडा? जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटला होता. आता रोज कुणीतरी कुठूनतरी प्लास्टिकचं पायताण 'कोल्हापुरी' म्हणून खपवतो, तर आपण म्हणायचं, परवडत नाही बुवा?

तोट्यात गेलो तरी मी त्या शब्दावर दिसणार. पहिल्या पानावर एक तरी खरी चप्पल पाहिजे.

पायताण

राव, भावना पोचल्या. पण लिलावाला मानांकन कळत नाही.

आता हिशेबनीसांच्या 3 रुपयांबद्दल. ते 3 रुपये लावून आपण दिसणार कुठं? 349 वाल्याचा हिशेब करून बघा. त्याला एका जोडीमागं समजा 90 सुटतात. पण स्वस्त माल पटकन उचलला जातो, 12 क्लिकला एक जोडी. 90 भागिले 12, म्हणजे तो साडेसात रुपयांपर्यंत आरामात जाऊ शकतो. एका जोडीत आपण त्याच्या चौपट कमावतो, तरी एका क्लिकला तो आपल्यापेक्षा जास्त देऊ शकतो. शिवाय ज्या जाहिरातीवर क्लिक आणि विक्री व्हायची शक्यता जास्त, तिला यंत्रणाही झुकतं माप देते. मोठा शब्द त्याच्याकडं जाणार तो असा, कुणी लबाडी न करता. नाव आपलं असलं तरी गर्दी त्याची आहे.

आणि मानांकनाचं म्हणाल तर ते नाव वापरायला ऑथराइज्ड यूजर म्हणून नोंदणी लागते. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळानं क्यूआर कोडही आणलाय. चपलेच्या पानावर दुसऱ्याच फोटोत तो कोड ठळक दिसला, तर बोली न वाढवता फरक पडेल. नकली मालाची तक्रारही तिथूनच सुरू होते.

माईंचा_डबा

चपलेच्या धाग्यात भाजणी आणते, माफ करा, पण शब्दांचा प्रश्न तोच आहे.

मी भाजणी आणि काळा मसाला विकते. सल्लागारानं सगळे कीवर्ड इंग्रजीत दिले होते. पण लोक थालीपीठसुद्धा रोमनमध्ये पाच तऱ्हांनी लिहितात: शेवटी 'पीथ', 'पिठ', 'पीट', मध्ये 'ली' नाहीतर नुसता 'ल'. 'भाजणी'चं 'भजनी' झालं की भजनी मंडळाचे टाळसुद्धा निघतात! आणि 2021 पासून ॲमेझॉन, फ्लिपकार्ट दोन्ही मराठीत दिसतात, तेव्हा देवनागरीत टाइप करणारेही आहेत, शिवाय बोलून शोधणारे. देवनागरी शब्दांवर बोली लावणारे कमी, म्हणून क्लिक मला स्वस्त पडतो.

गोची वेगळीच आहे. पानामागं जे लपलेले सर्च टर्म भरतो, त्यांची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये असते, दोन-अडीचशेच्या घरात. रोमन अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. 'थालीपीठ' हा चार अक्षरी शब्द 21 बाइट खातो. आता सांगा, तिथं मराठी भरू की इंग्रजीची पाच स्पेलिंगं?

हिशेबनीस

ताई, तिथं रोमन स्पेलिंगं भरा, कारण ती शीर्षकात शोभत नाहीत. देवनागरी शब्द वर्णनात एकदा येऊ द्या आणि मॅन्युअल मोहिमेत कीवर्ड म्हणून लावा, तिथं ही कात्री नाही. शीर्षकात आलेला शब्द मागं पुन्हा भरू नका. आणि 'भजन' निगेटिव्ह करा.

न्यूजर्सीकर

इकडची बाजू. माझी बहीण एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या साइटवर कोल्हापुरी विकते. तिथं एका वस्तूला 13 टॅग (शोधासाठीचे शब्द), प्रत्येक जास्तीत जास्त 20 कॅरॅक्टरांचा. 'कोल्हापुरी चप्पल्स' रोमनमध्ये 18 होतं, मावतं. 'लेदर कोल्हापुरी सँडल्स' 25 होतं, बसत नाही, मोडून दोन टॅग करावे लागतात. पण मुख्य म्हणजे इथला अमेरिकन माणूस 'कोल्हापुरी' शोधतच नाही, तो 'टो लूप सँडल' शोधतो. 'कोल्हापुरी' शोधतो तो आपला देशी माणूस, आणि तो घासाघीस करतो. तेव्हा मूळ लेखकाशी सहमत, अगदी वेगळ्या कारणानं.

तिथल्या बाहेरच्या जाहिराती (एट्सी दुसऱ्या साइटवर दाखवते त्या) मात्र विक्री झाली तरच पैसे घेतात. वर्षाला 10,000 डॉलरच्या आतल्या दुकानाला 15 टक्के, वरच्याला 12 टक्के, पण वरच्याला त्या बंद करता येत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं 800 डॉलरखालच्या पार्सलची ड्यूटीमाफी काढली, तेव्हापासून ते 15 टक्केही जड झालेत.

शंका_कुशंका

वरच्या प्राडाच्या उल्लेखावरून एक भोळा प्रश्न. 'प्राडा सँडल' यावरच बोली लावली तर? भांडण त्यांनीच उकरलंय.

तिरकस

वकील करून ठेवा.

हिशेबनीस

2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स खटल्यात म्हटलं की, दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून लावणं हा 'वापर' ठरतो, पण गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्यानंच उल्लंघन होत नाही. तो निकाल गूगलच्या जाहिरातींबद्दल आहे. शीर्षकात किंवा लपलेल्या शब्दांत मात्र दुसऱ्याचा ब्रँड घातलात तर साइट स्वतःच पान उडवते. आणि कायदा बाजूला ठेवा, प्राडा शोधणारा 1400 ची जोडी घेईल? क्लिक करेल, हसेल, निघून जाईल.

त्यापेक्षा स्वतःचं नाव नोंदवा. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी व्यक्तीला एका वर्गासाठी 4500 रुपये. अर्ज केला की ब्रँड रजिस्ट्रीचा, म्हणजे ॲमेझॉनवर आपला ब्रँड नोंदवायचा, रस्ता उघडतो, मग ब्रँड ॲनालिटिक्समध्ये गिऱ्हाईक कुठल्या शब्दावर काय उचलतं ते दिसतं. अंदाजपंचे चालणारा निम्मा रिसर्च तिथं संपतो.

पायताण

हे मात्र मान्य. पण मोठ्या शब्दाबद्दल मी हटत नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. जून ते सप्टेंबर चामडं पायात कोण घालतंय? मिलानची बातमी आली ती नेमकी जूनमध्ये. लोक कुतूहलानं शोधत होते आणि आमचे भाऊबंद बोली वाढवत होते. चिखलाच्या दिवसांत क्लिक आले, ऑर्डर कुठल्या येणार? मोहिमेला ऋतू असतो हे कुठला डॅशबोर्ड सांगत नाही.

हिशेबनीस

दुबई, बेंगळुरू, दिल्लीत तुमचा कोल्हापूरचा पाऊस पडत नाही. ऑर्डर कुठल्या राज्यातून येतात त्याचा रिपोर्ट काढून बघा, मग बोलू. आणि बोली कमी करण्याआधी पान सुधारा. मापाच्या तक्त्यात नुसतं 8, 9, 10 लिहिलंय तुम्ही. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या, चामडं आठवडाभरात सैल होतं ते लिहा, पट्ट्याचा जवळून फोटो टाका. एका जोडीमागं 80 चे 50 क्लिक झाले की तुम्हाला परवडणारी बोली 7 रुपयांवर जाते, रेक्झिनवाल्याच्या साडेसातच्या अगदी जवळ.

पायताण

त्या शब्दावर 50 क्लिकमागं एक जोडी गेलेली दाखवा. चामड्याची चप्पल विकणाऱ्या तुमच्या कुठल्याही विक्रेत्याची, नाव झाकून. मग पुढच्या दिवाळीला मी स्वतः बोली लावतो.

रंकाळ्याचा_वारा

मी लावलेलीच आहे. 6 रुपये. काल दोन जोड्या गेल्या, दोन्ही बेळगावला.

तिरकस

बेळगावला? त्यांच्याकडं मिळत नाहीत होय?