मदत हवी आहे: मार्क ११ मधल्या अंजिराच्या झाडावर मनन कसं मांडू?

सर्वांना जय ख्रिस्त! आमच्या प्रार्थनागटात रोज शुभवर्तमानातला एक उतारा वाचून कोणीतरी छोटं मनन सांगतं. या शुक्रवारी माझी पाळी आहे आणि उतारा आलाय मार्क ११:१२-२५ (मार्कच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय, ओव्या १२ ते २५).

येशूला भूक लागते, पानांनी भरलेल्या अंजिराच्या झाडापाशी तो जातो, फळ मिळत नाही म्हणून झाडाला शाप देतो. अडचण १३ व्या ओवीची आहे. तो अंजिरांचा हंगामच नव्हता, असं मार्क स्वतःच सांगतो. मग झाडाचा दोष काय? गटातली तरुण मुलं हे विचारणारच, आणि त्यांना गप्प बसवणारं उत्तर मला द्यायचं नाही.

मला एवढं दिसतं की मार्कने ही गोष्ट मधोमध तोडली आहे. आधी शाप, मग येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुळापासून वाळलेलं झाड. म्हणजे रोख मंदिराकडे आहे, बाहेरून हिरवंगार, आत फळ नाही. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ८:१३ मध्येही, अंजीर नसलेलं झाड येतं. मत्तय २१ मध्ये मात्र झाड लगेच वाळतं, आणि हंगामाचा उल्लेखच नाही.

पण मग ओवी २४-२५ मधली विश्वासाने प्रार्थना करण्याची आणि इतरांना क्षमा करण्याची शिकवण इथे कशी जोडायची? लूक १३:६-९ मध्ये माळी झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो, तो उतारा सोबत वाचावा का, की त्याने मार्कचं म्हणणं बोथट होईल?

ज्यांनी यावर मनन केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.