मदत हवी आहे: मूल गोव्यात, रेशनकार्ड चंदगडला, हृदयाचं ऑपरेशन कुठल्या योजनेतून?

मंडळी, मी पर्वरीची. आमच्या शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचं एक कुटुंब राहतं. नवरा सेंट्रिंगवर, बाई आमच्या वाड्यावर दोन घरची कामं करते. त्यांची साडेतीन वर्षांची पोरगी अंगणवाडीत जाते. तिथे तपासणीला आलेल्या डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, हृदयाच्या पडद्याला भोक निघालं. ऑपरेशन लागेल, फार लांबवू नका, असं सांगितलंय.

आई म्हणते, "वैनी, खेळता खेळता मधीच बसून घेत्या, आमाला वाटलं लाडात आल्या." वजनही वयाच्या मानाने फार कमी आहे.

आता घोळ असा. आपल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाख मिळतात, पण त्यासाठी गोव्यात ५ वर्षं वास्तव्य हवं. यांना आत्ता कुठे तिसरं चालू आहे, आणि तेही तीन वेगवेगळ्या साइटवर. भाडेकरार नाही, वीजबिल नाही. एका कचेरीत दाखल्याचं विचारलं तर "गावाला जा" एवढंच उत्तर मिळालं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातही (गोवा मेडिकल कॉलेज) २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना फी आहे, म्हणून ते आधीच बिचकलेत.

गावाला जा म्हणणं सोपं आहे हो. मुकादमाकडून उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत तो दोघांना एकदम सोडणार नाही. आणि ऑपरेशन फुकट झालं तरी मुलीजवळ कोणीतरी राहणार, म्हणजे एकाची हजेरी बुडणार. योजनेच्या पत्रकात हा खर्च कुठेच नसतो.

मला विचारायचंय ते असं. अंगणवाडीतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली होती. त्यात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि जन्मजात हृदयदोषही येतो. मग त्याच चिठ्ठीवर पुढचं ऑपरेशन गोव्यातून होतं का, की तिथेही रहिवासी दाखला मागतात? दुसरं, रेशनकार्ड केशरी आहे पण त्यावर पोरीचं नाव नाही. जन्मदाखला मात्र आहे. कोणी प्रत्यक्ष यातून गेलं असेल तर सांगा. क्राउड फंडिंगचे सल्ले कृपया नकोत, तो शेवटचा मार्ग.

प्रतिसाद १:
रेशनकार्डावर नाव चढवायचं काम आजच सुरू करा. चंदगडच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखा आहे. त्यासाठी दोघांनी जायची गरज नाही, गावातल्या आजोबांना पाठवा. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कार्डाचा रंग आड येत नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. कोल्हापूरला जायच्या आधी त्यालाच फोन करून जन्मदाखल्यावर भागतं का ते विचारा. इकोचा रिपोर्ट मूळ प्रत जपा, झेरॉक्स द्या.

प्रतिसाद २:
अंगणवाडी सेविकेला धरा. पटावर पोरीचं नाव आहे, म्हणजे तपासणी पथकाच्या नोंदीतही असणार. संदर्भ चिठ्ठी कुठे पाठवली ते तिला कळतं. आयुष्मान कार्ड निघू शकतं का तेही १४५५५ वर विचारून घ्या. ते देशात कुठल्याही संलग्न हॉस्पिटलात चालतं, मग गोवा की कोल्हापूर हा वादच राहत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. सेविकाबाईंना उद्या सकाळी गाठते. मुकादमाशी कसं बोलावं यावर मात्र कोणी काही सुचवलं नाही. बिल्डरशी थेट बोललं तर तो यांनाच कामावरून काढेल अशी भीती वाटते. उचलीचा असा प्रश्न कोणी सोडवलाय का?