ओएई पास, बेरामध्ये एकही लाट नाही. कान खराब की ब्रेनस्टेम?

रिवाइंडिंगवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा पाच महिन्यांचा आहे. पस्तिसाव्या आठवड्यात झाला. तिसऱ्या दिवशी कावीळ इतकी वाढली की सोलापूरला हलवावं लागलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळा घटक, २९. एकदा रक्त बदललं, मग निळ्या लाइटखाली ठेवलं. सगळे मिळून ११ दिवस एनआयसीयू. घरी सोडताना कानात बारकी नळी घालून एक टेस्ट केली, ओएई. दोन्ही कान 'पास'. चिठ्ठी फाइलला लावली आणि विसरलो.

चौथ्या महिन्यात बायको म्हणाली, हा हाकेला वळत नाही. माझी आई म्हणते काही नाही त्याला, ताट वाजवलं की बघतो. शेवटी बेरा केली, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून आवाज नसेतून मेंदूकडे जातो का ते बघायची टेस्ट. झोपेचं औषध पाजून दीड तास गेला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ९० डीबीलाही दोन्ही बाजूंना पाचवी लाट नाही. खाली आणखी एक ओळ, 'ब्रेनस्टेम डिसफंक्शनची शक्यता'. तिथली मुलगी म्हणाली, कान चांगला आहे, आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही. बाहेर चार पेशंट खोळंबले होते, पुढचं विचारायचं राहिलं.

घरी येऊन मोबाइलवर ब्रेनस्टेम टाकलं तर पहिल्यांदा काय यावं? ब्रेनस्टेम डेथ. अवयवदानाचा १९९४ चा कायदा. मोबाइल पालथा घातला तो सकाळीच उचलला.

मी मोटर रिवाइंडिंग करतो, जास्त करून शेतीपंप. आमच्यात सिरीजचा बल्ब लावला आणि पेटला नाही तर तार तुटली, विषय संपला. तर विचारायचं असं की याची नस तुटलीय का? ब्रेनस्टेमला इजा म्हणजे उद्या श्वास, गिळणं यालाही धोका आहे का? आणि दोन्ही कानांना पॉवरफुल मशीन लावायला सांगितलंय, शनिवारी माप घ्यायला बोलावलंय. जाऊ का?

निवांत_नाना

अहो घाबरू नका. माझ्या भाच्याचा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आता गप्प बसवावं लागतं. मुलगे उशिराच बोलतात.

डोंबिवलीची_मावशी

नाना, हे इथे नको. या एका वाक्यापायी मुलं माझ्या टेबलाशी तीन-तीन वर्षं उशिरा पोचलेली मी पाहिली आहेत.

रिवाइंडिंगवाले, शनिवारी जाऊ नका. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते तपासणारी, आता निवृत्त. १९८६ पासून बेरा काढत आले. तेव्हा खोलीशेजारची लिफ्ट सुरू झाली की आलेखात ५० हर्ट्झची लाटच लाट, मग अर्थिंग तपासा आणि बाळ पुन्हा झोपवा. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आधी भीतीचं बघू. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ. श्वासाचं केंद्र तिथेच आहे हे खरं, पण ऐकण्याची ठाणी वेगळी, श्वासाची वेगळी, नुसता शेजार एक. बाळ श्वास घेतंय, दूध ओढतंय, तर तुम्ही वाचलेल्या कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्या रिपोर्टची शेवटची ओळ मी असते तर लिहिली नसती. एवढ्या कागदावरून ती लिहिता येत नाही.

आता दोन टेस्ट दोन गोष्टी का सांगतात ते. कानाच्या शंखात केसपेशी असतात, बाहेरच्या आणि आतल्या. बाहेरच्या केसपेशी आवाज आला की स्वतःच बारीक प्रतिध्वनी सोडतात. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो पकडला, ओएई म्हणजे तोच. तो आला याचा अर्थ बाहेरच्या केसपेशी काम करताहेत. बस, तेवढाच. पुढची आतली केसपेशी, नस, देठ यांना ओएई विचारतच नाही.

बेरा पुढचं बघते. क्लिक आवाज दिला की पहिल्या दहा मिलिसेकंदांत पाच लाटा दिसतात. पहिल्या दोन नसेच्या, तिसरी देठाच्या खालच्या ठाण्याची, पाचवी वरच्या टोकाजवळची. जेवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये त्यांना रोमन आकडे दिले, ते आजही चालतात. पण लाट किती मोठी? अर्धा मायक्रोव्होल्ट धरा. मेंदूची स्वतःची खळबळ तिच्या कितीतरी पट. म्हणून एक-दोन हजार क्लिक देऊन सरासरी काढतात. खळबळ दर वेळी वेगळी, ती एकमेकींना खाते. लाट दर वेळी त्याच क्षणी येते म्हणून ती साठते आणि वर दिसते.

इथेच गोम आहे. नसेचे हजारो धागे क्लिकला एका ठेक्यात सुटले तर लाट. धागे सुटताहेत पण कोणी आधी, कोणी नंतर, असं झालं तर सरासरीत तेही खळबळीसारखे पुसले जातात आणि कागदावर सपाट रेघ येते. तुमचा सिरीजचा बल्ब करंट जातोय की नाही तेवढं सांगतो. बेराचा बल्ब सगळा करंट एकाच क्षणी आला तरच पेटतो. त्यामुळे सपाट रेघ पाहून 'तार तुटली' म्हणता येत नाही, आणि 'ऐकूच येत नाही' असंही नाही.

अमेरिकेत अर्नोल्ड स्टार यांनी १९९६ मध्ये असे दहा रुग्ण एकत्र मांडले. ओएई आहे, बेरा नाही. त्यांना सूर ऐकू यायचे, काहींना बऱ्यापैकी, पण बोललेलं कळायचं नाही. ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव तिथून रूढ झालं. पुढे २००८ मध्ये इटलीत कोमोला तज्ज्ञ बसले आणि नावाला 'स्पेक्ट्रम' जोडलं. कारण बिघाड आतल्या केसपेशीत असू शकतो, तिच्या नसेशी असलेल्या जोडात असू शकतो, नसेत असू शकतो, किंवा तुमच्या बाळासारख्या काविळीत थेट देठातल्या ठाण्यांतही.

काविळीचं गणित असं. बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतं तोवर मेंदूत शिरत नाही. सुटं झालं की शिरतं, आणि मेंदूतल्या ठरावीक जागाच निवडून धरतं. श्रवणाची ठाणी त्यात येतात, शंख वाचतो. गन जातीचे उंदीर जन्मतःच कावीळ घेऊन येतात. त्यांना सल्फा औषध दिलं की बिलिरुबिन अल्ब्युमिनवरून निसटतं आणि काही तासांत बेरा बिघडते. स्टीव्हन शपायरो यांनी हे दाखवलं, आणि लगेच अल्ब्युमिन दिलं तर बेरा काही अंशी परत येते हेही. रक्त बदलतात ते याचसाठी. बदललं ते बरंच केलं.

म्हणूनच मला त्या 'पास' चिठ्ठीचा राग येतो. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची चाळणी बेरानेच करावी असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच लिहून ठेवलंय. तुमचं बाळ ११ दिवस होतं, त्यात रक्त बदललेलं. ओएईवर सोडायला नको होतं.

आता करायचं काय. त्या सेंटरला विचारा, क्लिक कुठल्या पोलॅरिटीने दिले? बरेच जण आलटूनपालटून देतात, एक प्लस, एक मायनस. केसपेशींचा एक स्वतःचा विद्युत प्रतिसाद असतो, कॉक्लियर मायक्रोफोनिक. पोलॅरिटी उलटली की तो उलटतो. आलटूनपालटून दिलं की सरासरीत गायब. दोन कॉइलची कनेक्शनं उलटी पडली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून प्लस वेगळं, मायनस वेगळं काढून घ्या, एकावर एक ठेवून बघा. सुरुवातीच्या मिलिसेकंदांत आरशासारख्या उलट रेघा दिसल्या तर केसपेशी जिवंत. मग इअरफोनची नळी चिमटून आलेख परत काढायला सांगा. रेघा गेल्या तर खऱ्या, राहिल्या तर ती मशीनची वायर बोलतेय. इअरफोन कानात घालायचे हवेत, डोक्यावरचे नकोत.

मशीन बेराच्या आकड्यावर लावायचं नाही. ९० ला लाट नाही म्हणून पूर्ण ताकदीचं लावलं आणि बाळाला प्रत्यक्षात ५० ला ऐकू येत असलं तर चांगल्या केसपेशी आपल्या हातांनी माराल. सहा-सात महिन्यांचं झालं की आवाजाकडे वळतं का, हे बाहुली-दिव्याच्या टेस्टने नीट मोजता येतं, आवाजाकडे वळलं की बक्षीस म्हणून बाहुली उजळते. त्या मापावर मशीन. आणि बेरा काही महिन्यांनी परत. काविळीच्या काही बाळांत लाटा पुढे उगवतात.

तोवर वही घाला. तारीख, आवाज, कुठून, त्याला तो दिसत होता का, त्याने काय केलं. ताट वाजवणं बाद. हात हलतो, वारा लागतो, बाळ त्यालाच बघतं. आईंना माझा नमस्कार सांगा, पण बाद.

मान धरली का? डोळे वर करून बघतो का? ते मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. एमआरआय सांगितला तर श्रवणाची नस आहे ना हेही वाचायला सांगा.

ओझरची_आई

मावशींशी सहमत. आमच्या लेकीचंही ओएई पास आणि बेरा सपाट. आठ महिने मशीन लावलं, सुरांना वळायची, शब्दांना नाही. अठराव्या महिन्यात कॉक्लियर इम्प्लांट केलं, म्हणजे शंखात तार बसवून थेट नसेला इशारे देणारं यंत्र, केंद्राच्या अपंगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून. आता चार वर्षांची आहे, काल मला 'तू खोटं बोलतेस' म्हणाली. आमच्याकडे कारण जनुकीय होतं, सगळ्यांचं सारखंच होतं असं नाही. स्पीच थेरपी मात्र आजपासून सुरू करा, निदानाची वाट बघू नका.

कट्टा_नागपूर

अवांतर: मला डाव्या कानाला कमी येतं आणि शिट्टी वाजते. बेरा नॉर्मल आली, तरी डॉक्टर एमआरआय करा म्हणतात. पैसे काढतायत का? शिवाय थेट ब्रेनस्टेमवर इम्प्लांट बसवतात असं वाचलं, आणि चीनमध्ये जीन थेरपीही. हे बार्शीच्या बाळाला नाही का चालणार?

डोंबिवलीची_मावशी

एमआरआय करा. १९७७ मध्ये सेल्टर्स आणि ब्रॅकमन यांनी दोन कानांच्या पाचव्या लाटेतल्या फरकावरून नसेवरची गाठ ओळखायची रीत दिली, पुष्कळ वर्षं आम्ही त्यावरच चाललो. पण सेंटिमीटरहून लहान गाठ बेराला चकवते. एका कानाचीच तक्रार असेल तर बेराने समाधान मानू नका.

देठावरचं इम्प्लांट १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला हाऊस आणि हिट्सेलबर्गर यांनी पहिल्यांदा बसवलं, दोन्ही नसांवर गाठी असलेल्या बाईला. नसच नसेल तेव्हाचा तो मार्ग. नसेविना जन्मलेल्या मुलांवर कोलेटी यांनी व्हेरोनाला केली, चेन्नईतही झाल्या आहेत. कवटी उघडून थेट देठाच्या ठाण्यावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवायची असते. नस असताना कोणी त्या वाटेला जात नाही.

शांघायची जीन थेरपी ओटोफर्लिन या एकाच जनुकासाठी. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. गंमत म्हणजे अशा मुलांचा कागदही सुरुवातीला बार्शीच्या बाळासारखाच दिसतो, ओएई पास, बेरा सपाट. पण इथे काविळीचा इतिहास समोर पडलाय. तरी घरात आणखी कोणाला असेल तर जनुक तपासायला हरकत नाही.

रिवाइंडिंगवाला_बार्शी

तीन आठवड्यांनी लिहितोय. माफ करा, ऊस चालू आहे, पंप जळून येतायत.

पहिल्या सेंटरने आलटूनपालटूनच दिलं होतं. पुण्याला जाऊन परत काढली. प्लस-मायनस वेगळं मागितल्यावर तिथला मुलगा म्हणाला, तुम्ही या लाइनमधले का? म्हटलं, वाइंडिंगच्या. रेघा उलट-सुलट अगदी समोरासमोर. मग त्याने न सांगता नळी चिमटली, रेघा गेल्या. मी पडद्याला हातच लावला. लाटा मात्र अजून एकही नाही.

एमआरआयमध्ये दोन्ही नसा आहेत. मेंदूच्या आत एका जागी काविळीचा डाग आहे म्हणाले. मान अजून डुलते, फिजिओ सुरू केलंय. त्याचं नाव मोठं घेतलं डॉक्टरांनी, मी लिहून आणलंय, इथे नाही लिहीत.

मशीनचं माप नाही दिलं. वळण्याची टेस्ट पुढच्या महिन्यात. वहीतलं थोडं उतरवतो:

४ तारीख. कुकरची शिट्टी. काही नाही.
६ तारीख. दुकानात ग्राइंडर लावला, मांडीवर होता, दचकला.
९ तारीख. आईने मागून हाक मारली. नाही. दुसऱ्यांदा मारली, हातपाय हलवायचा थांबला.
१२ तारीख. रात्री पातेल्यावरचं झाकण पडलं. डोळे मोठे केले, रडला.
१३ तारीख. फटाके. झोपूनच.

डोंबिवलीची_मावशी

नसा आहेत, हे चांगलं झालं. फिजिओ सोडू नका.

ग्राइंडरची नोंद खोडा, तो हादरा तुमच्या मांडीतून गेला. फटाक्यांचीही खोडा, झोपेत धरत नाहीत. ९ तारखेची ठेवा, पण एका नोंदीवर जायचं नाही. १२ ची मला हवी आहे, तीत एक गोष्ट लिहायची राहिलीय. झाकण पडलं तेव्हा तुमच्या मिसेस त्याच्या नजरेसमोर होत्या का? आणि पाळणा फरशीवर टेकलेला होता का?

रिवाइंडिंगवाला_बार्शी

तिला विचारलं. झोळी आहे, छताच्या हुकाला. तोंड भिंतीकडे होतं त्याचं. ती मागे ओट्याशी, आणि लाइट गेलेली.